स्पिटफायरच्या कॉकपिटला ग्रिलचा प्रायमर लावू नका

इथं कोल्हापुरात माझ्या पुतणीची दहावीची परीक्षा संपली आणि सुट्टीत करायला म्हणून तिनं स्पिटफायरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, १:७२ मापाचं मॉडेल मागवलं. परवा तिचा फोन आला. "काका, लक्ष्मीपुरीतनं झिंक क्रोमेट आणलंय बघा. कॉकपिटला सरळ मारू, का आधी पांढरा हात देऊ?" हे तुला कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिनं एक मेसेज पुढं पाठवला. 'मॉडेल विमानांच्या कॉकपिटचे १०० टक्के खरे रंग' असा मथळा, लिहिणाऱ्याचं नाव नाही, आणि वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी दोन ठिकाणांहून आला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. दुसऱ्या महायुद्धातली विमानं आतून एकाच हिरव्या रंगाची होती. तो रंग म्हणजे झिंक क्रोमेट. तो आजही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तोच आणा आणि एनसी थिनरनं (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या थिनरनं) पातळ करा. ते जमत नसेल तर एफएस नंबर (अमेरिकन रंगयादीतला क्रमांक) छापलेली बाटली घ्या, कारण तो विमान कारखान्याचाच नंबर असतो. जर्मन असेल तर आरएलएम ०२ हा जर्मन यादीतला रंग, रशियन असेल तर फिरोजी, जपानी असेल तर चमकता निळा. शंका आली तर म्युझियममधल्या विमानाच्या फोटोवरून मोबाईल ॲपनं रंग काढा आणि दुकानातल्या मशीनवर तसाच करून घ्या. सगळ्यात शेवटी निम्मा पांढरा मिसळा.

झिंक क्रोमेटपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर मॉडेल बिघडेल, या चुकीनं माणूस आजारी पडेल.

लक्ष्मीपुरीत काय, शाहूपुरीत काय, 'झिंक क्रोमेट द्या' म्हटल्यावर दुकानदार समोर ठेवतो तो बहुतेक वेळा रेड ऑक्साइड झिंक क्रोमेट प्रायमर. खिडकीच्या ग्रिलला, गेटला, पत्र्याच्या शेडच्या अँगलला ऑइल पेंटच्या आधी मारतात तो. पुतणीनं डब्याचा फोटो पाठवला, झाकण उघडल्यावर आत विटकरी रंग. तिचा प्रश्न रास्त होता : "काका, हे हिरवं कधी होणार?" ते हिरवं होणार नाही. त्यातला रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे, क्रोमेट गंज थांबवण्यापुरतं घातलेलं असतं. ॲल्युमिनियमसाठीचा पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर वेगळा येतो. तो किंचित हिरवट छटेचा पिवळा असतो, आणि अमेरिकन विमानांच्या संदर्भात ज्याला झिंक क्रोमेट म्हणतात तो त्याच जातीचा. पण तोही घरात आणायचा नाही.

क्रोमेट म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्या पदार्थांत. खरा धोका फुफ्फुसाला. उघड्यावर ब्रशनं गेट रंगवणं ही एक गोष्ट झाली. तोच रंग एअरब्रशमध्ये भरून बंद खोलीत त्याचं धुकं करणं आणि वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासून त्याची पूड नाकाशी उडवणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. मॉडेल करणारा नेमकं हेच दुसरं करतो, आणि तेही डोळा वस्तूच्या वीतभर अंतरावर ठेवून. हा मेसेज शाळकरी पोरांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात मास्कचा म सुद्धा नाही. याचा मला खरोखर संताप आहे.

वर एनसी थिनर. मॉडेलचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि एनसी थिनरमधली द्रावणं ते विरघळवतात. उद्यमनगरात पत्र्यावर स्प्रे मारणाऱ्या कुणालाही विचारा, थर्माकोलवर थिनर सांडला तर काय होतं ते तो हातातलं काम न थांबवता सांगेल. थर्माकोल पॉलिस्टायरीनच, फुगवलेलं. स्पिटफायरच्या कॉकपिटमधल्या बरगड्या १:७२ मध्ये केसाएवढ्या असतात, थिनरच्या एका हातात त्या चिकट होऊन बसतात.

आणि एवढं करून रंगही चुकीचाच. स्पिटफायरच्या आत अमेरिकन क्रोमेटचा हिरवा नव्हता. ब्रिटिशांचा आतला रंग 'ग्रे-ग्रीन', राखेत थोडा हिरवा उतरल्यासारखा, फिका आणि थंड. बसायची सीटसुद्धा बऱ्याच स्पिटफायरमध्ये कागद आणि रेझिनच्या थरांची, तपकिरी-लालसर. तिला हिरवा मारायचंच कारण नाही. हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानालाही तोच ग्रे-ग्रीन. आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर हीच दोन्ही विमानं उडवली, निदान ती तरी नीट रंगवा.

'सगळी एकाच हिरव्या रंगाची' हे तर अमेरिकन विमानांनाही लागू पडत नाही. क्रोमेट प्रायमर पिवळा, त्यात काळा मिसळून गडद केला की चकाकी कमी होते आणि हिरवी छटा येते, अशा वाटेनं तिथला 'इंटिरियर ग्रीन' आला. पण बी-१७ बॉम्बरच्या मागच्या भागात शिरलात तर भिंती उघड्या ॲल्युमिनियमच्या. पी-४७ या लढाऊ विमानाच्या कॉकपिटचा हिरवा आणखी गडद. एकाच देशात एवढा फरक, आणि मेसेजवाला सगळ्या जगाला एका डब्यात बुडवतोय.

आता एफएस नंबर. हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, कारण आकडा दिसला की माणूस गप्प बसतो. मुंबई-पुण्याहून बाटल्या मागवणारे अनुभवी लोकसुद्धा '३४१५१ म्हणजे मस्टँगचा ओरिजिनल' असं बिनधास्त बोलतात. मस्टँग हे अमेरिकन लढाऊ विमान. एफएस म्हणजे फेडरल स्टँडर्ड ५९५. अमेरिकन सरकारचा रंगांचा हा संग्रह निघाला १९५६ साली. महायुद्ध संपलं १९४५ ला. मस्टँगच्या कारखान्यात रंग मारणाऱ्या माणसाला ३४१५१ हा आकडा कुणी सांगणं शक्यच नव्हतं, कारण तो आकडा तेव्हा जन्मालाच आला नव्हता. तेव्हाच्या लष्कर आणि नौदलाच्या सामायिक यादीत, १९४३ च्या, इंटिरियर ग्रीनचा क्रमांक होता एएनए ६११. नंतरच्या अभ्यासकांनी जुने नमुने एफएसच्या पट्ट्यांशेजारी धरले आणि सगळ्यात जवळची पट्टी म्हणून ३४१५१ लिहिलं. जवळची, तीच नव्हे. आणि १९४३ च्या आधी तर कारखाने आपापल्या परीनं काळा-पिवळा मिसळत होते, तेव्हाच्या विमानाला '१०० टक्के' हा शब्द वापरायलाच नको.

हा आकडा वाचता आला तर निम्मी फसवणूक टळते, म्हणून सांगतो. पहिला अंक चकाकीचा : १ म्हणजे ग्लॉस, २ म्हणजे सेमीग्लॉस, ३ म्हणजे मॅट. दुसरा अंक रंगाच्या कुळाचा : ३ पिवळा, ४ हिरवा, ५ निळा, ६ राखाडी. उरलेले तीन साधारणपणे गडदाकडून फिक्याकडे चढत जातात. म्हणजे ३४१५१ हा मॅट, हिरवा, गडद बाजूचा. ३६२३१ हा मॅट, राखाडी. हा दुसरा आकडा मात्र एफ-१५, एफ-१६ सारख्या जेटच्या कॉकपिटला खरोखर लागू आहे, कारण ती विमानं स्टँडर्ड निघाल्यानंतरची. तिथं नंबर बघून बाटली घ्या, माझी हरकत नाही. फक्त दोन कंपन्यांच्या त्याच नंबरच्या बाटल्या शेजारी शेजारी प्लास्टिकच्या चमच्यावर लावून बघा. छटा वेगळी दिसते.

जर्मनांचं लवकर उरकतो. आरएलएम ०२ हा राखाडी-हिरवट रंग सुरुवातीच्या मेसरश्मिट १०९ च्या कॉकपिटला बरोबर आहे. पण नोव्हेंबर १९४१ च्या त्यांच्या हवाई मंत्रालयाच्या रंगपुस्तिकेनं कॉकपिटसाठी आरएलएम ६६ ठरवला, काळपट राखाडी. म्हणजे १०९ ई ला ०२, १०९ जी ला ६६. खोक्यावरचं अक्षर बघितलं असतं तरी हे लिहिताना हात थांबला असता.

जपानी 'चमकता निळा' म्हणजे आओताके. तो ॲल्युमिनियमवर मारलेला पारदर्शक निळा-हिरवा लॅकर होता, चाकांच्या खोबणीत आणि सांगाड्याच्या आतल्या भागांत. झीरो या जपानी लढाऊ विमानाचं कॉकपिट हिरवंच असायचं, आणि मित्सुबिशीनं बांधलेल्या झीरोचा हिरवा नाकाजिमानं बांधलेल्या झीरोच्या हिरव्याहून वेगळा.

रशियन फिरोजीबद्दल मात्र मान्य करावं लागेल की मेसेज अर्धा बरोबर आहे. आपल्याकडच्या बहुतेकांनी पाहिलेलं रशियन विमान म्हणजे मिग-२१. ते १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आलं, पुढं एचएएलच्या नाशिकच्या कारखान्यात तयार झालं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. त्याचं कॉकपिट खरंच निळं-हिरवं, भडक वाटावं इतकं. पण मिग-१५ आतून राखाडी, सुखोई-२७ निळसर राखाडी. फिरोजी हा रशियाचा राष्ट्रीय रंग असल्यासारखा सगळीकडे फासू नका. मिग-२१ करणार असाल तर रंगाच्या छटेवर भांडण्याआधी पॅनेलच्या मधोमध खाली येणारी पांढरी उभी रेघ काढा. विमान गिरकीत सापडलं तर विमान वळवायचा दांडा नेमका मध्ये आणायला वैमानिकाला ती खूण लागायची. कॅनॉपीतून, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणातून, ती पहिल्यांदा नजरेत भरते आणि निम्म्या मॉडेलांवर ती नसते.

म्युझियमच्या फोटोचा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण दुरुस्त करून ठेवलेलं, विशेषतः उडणारं जुनं विमान आतून आजच्या प्रायमरनं रंगवलेलं असतं, त्यात आजचा रेडिओ असतो, आजचे पट्टे असतात. त्यावर म्युझियमचा पिवळा दिवा, मोबाईलचा कॅमेरा, मग फॉरवर्ड होताना चिरडलेला फोटो. ॲप त्यातून जो रंग काढतं तो दिव्याचा. आणि टिंटिंग मशीनवर तो करून घ्यायला गेलात तर दुकानदार भिंतीच्या इमल्शनचा लिटरभर डबा हातात ठेवेल. रंगवायची जागा अंगठ्याच्या नखाएवढी.

मग काय वापरायचं? ह्युम्ब्रोल या मॉडेलच्या रंगांच्या कंपनीची ७८ नंबरची डबी मिळाली तर उत्तम, ब्रिटिश कॉकपिटसाठीच ती काढलेली आहे. नाही मिळाली तर राजारामपुरीतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिक घ्या. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव मेस्त्रींना ज्या गावानं 'पेंटर' हेच आडनाव दिलं, त्या गावात रंग मिसळायला घाबरायचं काय कारण? पुतणीला मी हेच करायला लावलं. पांढऱ्या बशीत लेमन यलो काढायचा आणि टाचणीच्या टोकानं काळा लावत जायचं. काळ्याचा दुसरा-तिसरा स्पर्श झाला की पिवळा आपोआप ऑलिव्ह हिरव्याकडे वळतो. अमेरिकन इंटिरियर ग्रीनची वाट हीच. स्पिटफायरसाठी उलटं जायचं : पांढरा आणि काळा मिसळून मध्यम राखाडी करायचा, त्यात थोडा हिरवा, आणि हिरवा फार निळसर वाटला तर पिवळ्याचा एक ठिपका. आधी प्लास्टिक साबणाच्या पाण्यानं धुवा, साच्याचं तेल राहिलं तर ॲक्रिलिक नखानं निघून येतं. रंग पाण्यानं दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्या. वास नाही, विष नाही.

प्रायमरचा तो डबा भावाच्या शेडच्या अँगलला लागेल, बाहेर, उघड्यावर, ब्रशनं.

राहिला निम्मा पांढरा. लहान मॉडेलवर रंग मूळ विमानापेक्षा गडद वाटतो, हे खरं आहे, आणि कॉकपिट तर बंद खबदाड, तिथं उजेडच पोचत नाही. म्हणून थोडा फिका करण्यात अर्थ आहे. निम्मा म्हणजे मात्र ग्रे-ग्रीनचं पिस्ता आइस्क्रीम होईल. कॅनॉपी बंद चिकटवणार असाल तर दहा थेंबांत एखाद-दुसरा थेंब पांढरा पुरतो. उघडी ठेवणार असाल तर तोही घालू नका, आणि इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या काळ्यात पांढऱ्याऐवजी जरासा राखाडी मिसळा.