स्टँपपेपरवर सही घेतली की मालक सुटला म्हणे!

"पाच-सहा कामगारवाल्यांना कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा लागत नाही, भरपाई नको असं स्टँपपेपरवर लिहून घ्या, वर्कमेन पॉलिसी (या भरपाईचा विमा) म्हणजे एजंटचा धंदा." हा मेसेज परवा आमच्या दाजींनी मला पाठवला आणि नुसता पाठवला नाही तर भोसरीच्या शेडमधल्या सहा पोरांच्या सह्यापण घेऊन मोकळे झाले. म्हणून लिहितोय.

आकड्याचं आधी. दहाच्या आत कामगार असले की कायदा लागत नाही असं लोकांना वाटतं, पण तो दहाचा आकडा ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेचा. 1923 च्या भरपाई कायद्यात, पॉवरवर मशीन चालतंय तिथे एकच कामगार असला तरी मालक जबाबदार. संपलं.

आता तो स्टँपपेपर. अहो, त्या 1923 च्या कायद्याचं कलम 17 सरळ सांगायचं, भरपाईचा हक्क सोडल्याचा करार रद्दबातल, मग तो शंभराच्या पेपरवर असो नाहीतर पाचशेच्या, नोटरी करा नाहीतर आणि काही. हा विषय आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, तिथेही हे आहेच. उलट उद्या तोच कागद पुढे आला तर पोरगा आपलाच कामगार होता हे आपणच लिहून दिल्यासारखं! आणि रक्कम किती ते बघा, 30 वर्षांचा पोरगा गेला, पगार 15,000 (जास्त असला तरी 2020 पासून हिशोबाला एवढाच धरतात), त्याचे निम्मे 7,500, गुणिले 207.98 (वयाप्रमाणे कायद्यात ठरलेला आकडा), झाले 15 लाख 59 हजार 850. महिन्याभरात भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर निम्म्यापर्यंत दंड.

"हात गेला तरी चार्टमधल्या टक्क्यानेच द्यायचे" म्हणे, म्हणजे कुठल्या इजेला किती टक्के अपंगत्व ते सांगणाऱ्या कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे. ओडिशात जेपूरला एका थिएटरमालकाकडच्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता, मालक थेट सुप्रीम कोर्टात गेला, आणि डिसेंबर 1975 मध्ये कोर्टाने सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, शंभर टक्केच धरा, आणि देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून. प्रेसवरच्या ऑपरेटरचं काय होईल ते तुम्हीच बघा.

"दारू प्यायला होता की मालक सुटला" हे अर्धंच खरं. जीव गेला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तो बचाव चालत नाही.

आणि हो, पॉलिसी सक्तीची नाही, एवढं मात्र त्या मेसेजवाल्याचं बरोबर आहे. जबाबदारी सक्तीची आहे, पैसे कुठून आणायचे ते तुम्ही बघा.

दाजी, पॉलिसी घेतलीत तर फॉर्मवर कामगार सहाच लिहा. प्रीमियम वाचवायला चार नका लिहू.