खुलासा : मधोमध टिपलेले छायाचित्र चुकीचे नसते

‘विषय चौकटीच्या मधोमध असलेले छायाचित्र चुकीचे असते, कारण तृतीयांशाचा नियम म्हणजे प्राचीन ग्रीकांचे सुवर्ण गुणोत्तरच होय’, असा संदेश सध्या छायाचित्रणाच्या गटांमध्ये फिरत आहे. त्यातली दोन्ही विधाने बरोबर नाहीत.

चौकटीचे आडवे व उभे तीन-तीन समान भाग करून विषय त्या रेघांवर ठेवावा, हा नियम ‘तृतीयांशाचा नियम’ या नावाने जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 मध्ये ग्रामीण निसर्गदृश्यांवरील आपल्या पुस्तकात मांडला, आणि तोही एक सूचना म्हणून. सुवर्ण गुणोत्तराशी, म्हणजे सुमारे 1.618 : 1 या प्रमाणाशी, त्याची गल्लत करू नये. त्या गुणोत्तराने आखलेली रेघ चौकटीच्या कडेपासून सुमारे 38 टक्के अंतरावर पडते, तर मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी जाळीची रेघ 33 टक्क्यांवर असते.

नवशिक्यांसाठी ही जाळी खरोखरच उपयोगी आहे. धावणाऱ्या मुलासमोर मोकळी जागा सोडण्याची सवय त्यातूनच लागते. परंतु ताजमहालासमोरच्या पाण्याच्या मध्यरेषेवर उभे राहिले की दोन्ही बाजूंचे मिनार, घुमट आणि खालचे प्रतिबिंब असा सगळा तोल त्या एका अक्षावर पेललेला दिसतो, आणि तेथे कॅमेरा बाजूला सरकवला तर ज्या सममितीसाठी आपण थांबलो तीच मोडते. थेट आपल्याकडे रोखून पाहणाऱ्या चेहऱ्याचेही बहुधा असेच असते.

अशी छायाचित्रे केवळ या संदेशामुळे कोणी पुसून टाकू नयेत, याची मला मनापासून काळजी वाटते. कृपया तो पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही द्यावा.