प्रीफिक्स सांगा, साहेब!

आमचे सासरे अण्णा उसने पैसे देतात, पण नोटेचा नंबर डायरीत टिपल्याशिवाय हात मोकळा करत नाहीत. परत येताना तीच नोट आली का, हे कळावं म्हणून. ती आजवर कधी आलेली नाही. अण्णा निवृत्त ऑडिटर आहेत, एवढं सांगितलं की बाकीचं तुम्ही समजून घ्याल.

तर जून १९७० मध्ये अण्णांनी आपल्या मेहुण्याला, म्हणजे माझ्या बायकोच्या दादामामांना, दहा रुपये उसने दिले. नोट गांधी जन्मशताब्दीची, कोरी करकरीत. एका बाजूला अशोकस्तंभ, दुसऱ्या बाजूला सेवाग्रामच्या कुटीपुढे बसलेले गांधीजी. मामांनी महिन्याभरात पैसे फेडले, पण पाच-पाचच्या दोन नोटा देऊन. अण्णांच्या हिशेबी ते कर्ज अजून उभं आहे. सहस्रचंद्रदर्शनाला काय हवं, असं आम्ही भाबडेपणाने विचारलं, तर म्हणाले, "ती नोट." आणि डायरीचं पान माझ्याकडे सरकवलं. मामा समोरच बसून बासुंदी पीत होते. त्यांनी वाटी आणखी जवळ ओढली.

"जावईबापू, तुम्ही कॉम्प्युटरवाले. नंबर टाकायचा की झालं."

नंबर टाकून कुठे काही होत नाही. शेवटी पुण्यातल्या नाण्या-नोटांच्या एका प्रदर्शनात गेलो आणि पहिल्याच टेबलावर डायरीतले सहा आकडे वाचून दाखवले. टेबलामागचे गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "प्रीफिक्स सांगा, साहेब."

प्रीफिक्स म्हणजे त्या सहा आकड्यांच्या आधीचं अक्षर आणि अंक. एका प्रीफिक्सखाली जवळपास दहा लाख नोटा निघतात आणि प्रीफिक्स बदलला की तेच सहा आकडे पुन्हा येतात. म्हणजे माझ्या नंबरची नोट एक नव्हती, तिचं आख्खं गणगोत होतं. आणि अण्णांनी, त्या ऑडिटरने, प्रीफिक्स लिहिलाच नव्हता. घरी विचारलं तर म्हणाले, "तेव्हा कुणी लिहीत नसे." जणू बाकी सगळे नंबर लिहीत होते!

"बरं, सही कोणाची? झा की आडारकर?" गृहस्थांचा पुढचा प्रश्न.

लक्ष्मीकांत झा गेल्यावर बी. एन. आडारकर ४ मे ते १५ जून १९७० एवढे ४२ दिवस रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आणि त्यांची सही गांधी शताब्दीच्या नोटांवर आहे, ही माहिती मला तिथे मिळाली. शेजारच्या टेबलावरचे दोघे 'आडारकर' ऐकून उठूनच आले. मराठी गव्हर्नर म्हटल्यावर विषय चिंतामणराव देशमुखांकडे गेला, तिथून सहाव्या जॉर्जच्या नोटांकडे, आणि तिथून एक रुपयाच्या नोटेकडे, जिच्यावर गव्हर्नरची नाही तर अर्थसचिवाची सही असते. मनमोहन सिंगांनी दोन्ही खुर्च्यांवरून सह्या केल्यात, हे मला तिघांनी तीन वेळा सांगितलं. माझी नोट तेवढी बाजूला राहिली.

माणसं मात्र लाख. मदत करायची म्हणजे इतकी, की नको म्हणायला तोंड उरत नाही. फक्त नोट हा पैसा आहे, हे त्यांना मान्य नाही. एकाने चिमट्याने एक नोट उचलून दिव्यासमोर धरली. डावीकडे दोन बारीक भोकं दिसली, बँकेने गड्डीला मारलेल्या पिनांची. "बघा, कशी भोसकलीये," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर कापरा झाला होता. इस्त्री केलेल्या नोटेबद्दल तर ते लोक चारचौघांत बोलतही नाहीत.

त्यानंतर माझा फोन थांबेना. कोणी ७८६ देऊ करी, कोणी १२३४५६, कोणी सहाच्या सहा आकडे सारखे. एकाने अण्णांच्या जन्मतारखेच्या आकड्यांची नोट काढली. अण्णा म्हणाले, "माझी जन्मतारीख मला पाठ आहे. नोट कुठे आहे?"

खराब नोटा रिझर्व्ह बँक नष्ट करते, पूर्वी जाळत, आता यंत्रात चुरा करून विटा पाडतात, असं मी हळूच सुचवून पाहिलं. अण्णा म्हणाले, "मग जाळल्याची नोंद असेल." त्या काळी देशातल्या सगळ्या नोटा नाशिकरोडला छापल्या जात, तेव्हा तिथेही एक पत्र टाका, असं वर सुचवलं.

अखेर त्या पहिल्या गृहस्थांनीच एक नोट आणली. गांधी शताब्दीची, दहाची, सही आडारकरांची. नंबर अण्णांच्या नंबरापेक्षा फक्त एकाने पुढचा. किंमत सांगत नाही, बायको हे वाचते. अण्णांनी भिंग लावून बराच वेळ नोट न्याहाळली, डायरीशी ताडून पाहिली आणि परत केली.

"ही शेजारची. म्हणजे आपली हिच्याच गड्डीत असणार. ह्यांना विचारा, आधीची कुणाला दिली?"

मी ओशाळून गृहस्थांकडे पाहिलं. ते खिशातून वही काढत होते.

"रास्त प्रश्न आहे," ते म्हणाले. "ज्यांच्याकडून घेतली ते साताऱ्याला असतात. आत्ताच फोन लावतो."