जीभ टोचण्याबद्दलचा तो मेसेज आणि त्यातल्या चुका

“जीभ टोचणं म्हणजे कान टोचण्याइतकंच सोपं. लाळेत जंतू मरतात, त्यामुळे आठवड्यात जखम भरते. दांडा सर्जिकल स्टीलचा आहे, काही होत नाही. हळद-मध लावा, मिठाच्या गुळण्या करा. त्रास झालाच तर दांडा काढून टाका, विषय संपला. आणि हो, रक्तदानालाही काही अडचण नाही.”

थोड्याफार फरकाने हा मजकूर ग्रुपांवर आणि रील्सखाली फिरतो. त्यातल्या एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून तो पटतोही. पण त्यात सगळा हिशेब भोकाचा मांडलाय. भोकात घालून तोंडात वर्षानुवर्षं राहणाऱ्या, दोन्ही टोकांना बॉल असलेल्या दांड्याबद्दल अवाक्षर नाही, आणि बहुतेक नुकसान तोच करतो.

“कान टोचण्याइतकंच सोपं”

कानाची पाळी म्हणजे कातडी आणि चरबी. जीभ म्हणजे सतत हलणारा, रक्ताने भरलेला स्नायू. पार्लरमधली गन इथे चालत नाही: तिची खुंटी आखूड आणि बोथट असते, आणि प्लास्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालता येत नाही. जिभेला एकदाच वापरायची पोकळ सुई लागते, साधारण १४ गेजची, म्हणजे १.६ मिमी जाडीची.

आरशासमोर जीभ वर उचलून बघा. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना निळसर शिरा दिसतील. धमन्याही त्यांच्याच आसपास, जरा खोलवर असतात. म्हणून भोक मध्यरेषेवर, टोकापासून दीड-दोन सेंटीमीटर मागे आणि जिभेखालच्या पडदीच्या पुढे पाडतात. पडदी फार पुढे जोडलेली असेल तर जाणकार पिअर्सर नाही म्हणतो. टोकातून आडवा दांडा घालायची ‘स्नेक आइज’ची फॅशन तर टाळलेलीच बरी, कारण तो जिभेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांना जखडतो.

या मुद्द्यावर कुणीतरी तैपूसम या तमिळ सणाचा दाखला देतंच: मुरुगनचे (कार्तिकेयाचे) भक्त जिभेतून वेल, म्हणजे छोटा भाला, आरपार घालतात, रक्तही फारसं येत नाही. मध्यरेषेवर मोठ्या रक्तवाहिन्या कमी, त्यामुळे रक्त कमी, हे बरोबर. पण तो वेल नवस फिटला की त्याच दिवशी निघतो. इथला दांडा राहायला आलेला असतो.

“आठवड्यात भरते”

तोंडातली जखम कातडीपेक्षा लवकर भरते हे खरं. लाळेत जंतूंना आवर घालणारी द्रव्यंही असतात. पण त्याच तोंडात शेकडो जातींचे जीवाणू राहतात आणि दांड्यावर त्यांचा चिकट थर बसतो. आठवड्यात उतरते ती सूज. भोकाच्या आतली त्वचा तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही.

सुजेचं वेळापत्रक ठाऊक असलं की घाबरगुंडी उडत नाही. पहिल्या काही तासांत जीभ जड होते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, मग उतरू लागते. यासाठीच सुरुवातीचा दांडा मुद्दाम लांब, १८ ते २२ मिमीचा घालतात. दिसायला नीटस म्हणून पहिल्याच दिवशी आखूड दांडा घातला, तर बॉल जिभेत रुततो आणि वर कातडी चढू लागते. असं दिसलं तर त्याच दिवशी दांडा बदलून घ्या.

आता मेसेजमध्ये कुठेच नसलेली पायरी. दोन ते चार आठवड्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर, तो लांब दांडा काढून १४ ते १६ मिमीचा घालायचा असतो. बहुतेक जण दुखत नाही म्हणून पुन्हा जातच नाहीत. मग लांब दांड्याचं खालचं टोक बोलताना, गिळताना खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या हिरडीवर आपटत राहतं. वरचा बॉल दाढांखाली येतो, काहींना तो चावायची सवयच लागते. अमेरिकेत ५२ जणांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले: लांब दांडा दोन वर्षं किंवा जास्त वापरणाऱ्यांपैकी ५० टक्के लोकांची आतली हिरडी खाली सरकलेली होती, आणि चार वर्षं किंवा जास्त वापरणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडालेले होते. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. डॉक्टरांना तोंडातल्या दुसऱ्या जागचा तुकडा तिथे लावावा लागतो.

ॲक्रिलिकचे बॉल दाताला मऊ असतात, पण ते तडकतात आणि गिळले जातात. हिरडी त्यांनीही वाचत नाही.

“सर्जिकल स्टील आहे, काही होत नाही”

सर्जिकल स्टील म्हणतात त्या ३१६एल स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं. कृत्रिम दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते, त्यांनी एएसटीएम एफ१३६ दर्जाचं, म्हणजे शरीरात बसवण्याजोगं, टायटॅनियम मागावं. बॉलचे आटे सैल होतात, म्हणून रोज हात साबणाने धुऊन खालचा बॉल धरायचा आणि वरचा उजवीकडे पिळायचा.

“हळद-मध लावा, मिठाच्या गुळण्या करा”

जिभेची जखम खरचटण्यासारखी उघडी नसते, ते बोगद्यासारखं भोक असतं. हळदीचे कण त्यात अडकतात, लेप भोकाचं तोंड बुजवतो, आणि वरून पिवळा रंग लागल्यावर आतून काय येतंय ते ओळखूही येत नाही. पांढुरकी, फिकट पिवळसर लस येणं ठीक. हिरवट, दुर्गंधी येणारा पू ठीक नाही.

मिठाच्या गुळण्या मात्र बरोबर, प्रमाण सांभाळलं तर. उकळून गार केलेलं २५० मिली पाणी, पाव छोटा चमचा मीठ, अर्धा मिनिट खळखळ, जेवणानंतर आणि झोपताना. केमिस्टकडची नॉर्मल सलाइन आणखी चांगली. बाटली फोडली की एका दिवसात संपवा. मूठभर मीठ किंवा दिवसातून दहा वेळा माउथवॉश म्हणजे जीभ पांढरी, जळजळ आणि उशिरा भरणारी जखम. माउथवॉश अल्कोहोलविरहितच हवा. नवा मऊ ब्रश घ्या, बर्फाचे छोटे तुकडे चघळा. दही-भात, मऊ खिचडी, गार ताक चालेल. मिसळ, तंबाखू, गुटखा, दारू, चुंबन आणि मुखमैथुन जखम भरेपर्यंत बंद.

“त्रास झाला तर काढून टाका”

हा सल्ला सगळ्यात धोक्याचा. नवं भोक काही तासांत बुजतं. आत पू असेल तर तो आतच कोंडतो. दांडा राहू द्या आणि डॉक्टरांकडे जा, काढायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ गॉझने जीभ वरून-खालून धरून दहा मिनिटं न सोडता दाबा. तरीही वाहत असेल तर हॉस्पिटल गाठा.

हनुवटीखाली टणक सूज, जीभ वर उचलली जाणं, लाळ गिळता न येणं, ताप, दम लागणं: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी. तोंडाच्या तळाशी पसरणाऱ्या अशा जंतुसंसर्गाला लुडविग्ज अँजायना म्हणतात आणि त्यात श्वासाची वाट बंद होऊ शकते. जीभ टोचल्यानंतर काही दिवसांत तो झालेला रुग्ण १९९७ साली ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये नोंदलेला आहे.

र्‍हुमॅटिक तापाने हृदयाची झडप खराब झालेल्यांनी, कृत्रिम झडप बसवलेल्यांनी, पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झालेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा नाद सोडावा. बाकीच्यांनी आधी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस आणि दहा वर्षांच्या आतली धनुर्वाताची लस बघावी. वय १८च्या आत असेल तर थांबावं. वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०१८ पासून १८ वर्षांखालच्यांची जीभ टोचणं गुन्हाच आहे.

“रक्तदानाला अडचण नाही”

आहे. भारतातल्या नियमांनुसार टोचून घेतल्यापासून १२ महिने रक्त देता येत नाही. रक्तपेढीतल्या फॉर्मवर हा प्रश्न असतो, तारीख लक्षात ठेवा.