‘कॉलम लपवा आणि बिनधास्त आधार टाका’: कृपा करून असं करू नका

रावेर-यावलकडच्या शेतकरी गटांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘विकीच्या पानावर सगळ्या सभासदांचा एकच तक्ता करा. खासगी कॉलम कोड टाकून लपवा, ते फक्त तुम्हालाच दिसतील. आधार, बँक खातं, थकबाकी सगळं एका जागी, पूर्ण सुरक्षित.’ खाली युक्त्यांची यादी. माझी वहिनी गावातल्या केळी उत्पादक गटाचं विकी, म्हणजे सभासदांना मिळून लिहिता-बदलता येणारं संकेतस्थळ, सांभाळते. तिनं तो मला पाठवून विचारलं, ‘भाऊ, पीकविम्याची यादी अशीच टाकून देऊ ना?’ त्या यादीत नाव, जमिनीचा गट नंबर, किती खोड लावली, मोबाइल, आधार, खाते क्रमांक आणि गटाची थकबाकी, सगळं आहे. वहिनीनं विचारलं तरी. न विचारता ज्यांनी टाकलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात घातक युक्ती पहिलीच आहे: कॉलमला ‘डिस्प्ले नन’ हा कोड लावा, म्हणजे तो कुणालाच दिसत नाही.

साफ चूक. पान उघडलं की सर्व्हर तक्त्याचा सगळा मजकूर समोरच्याच्या फोनवर पाठवतो, आधारच्या बारा आकड्यांसकट. सोबत ब्राउझरला एक सूचना जाते, की एवढा भाग पडद्यावर दाखवू नकोस. पण माहिती तोवर पोचलेली असते. संगणकावर कंट्रोल आणि यू दाबलं की ती समोर येते. विकीवर तर तेवढीही गरज नाही. वर ‘संपादन’ लिहिलेलं असतं, ते दाबलं की तक्ता मूळ रूपात उघडतो आणि लपवलेला प्रत्येक आकडा तिथं वाचता येतो. संपादनाचा हक्क नसलेल्याला त्याच जागी ‘स्रोत पहा’ मिळतं. यासाठी हॅकर लागत नाही, शाळकरी पोरालाही हे जमतं.

आणि यात जातं कुणाचं? आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर गावातल्या मशीनवरून पैसे काढता येतात. त्यातल्या दोन गोष्टी आपणच तक्त्यात लिहून ठेवायच्या? आधार कायद्याच्या २९व्या कलमात आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला मनाई आहे, तीही या मेसेजवाल्यांना ठाऊक नाही. थकबाकीचा कॉलम तर मला त्याहून वाईट वाटतो. कुणाचे किती थकले हे गावभर झालं, की त्या माणसाला गटाच्या बैठकीत मान वर करून बसता येत नाही.

‘एवढं उकरून बघणार कोण?’ असंही त्यात लिहिलंय. ऑगस्ट २०२३मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेलची फाइल दिली. तिच्यात एक शीट लपवलेली होती आणि पाठवण्याआधी ती कुणाच्या लक्षात आली नाही. ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं इंटरनेटवर गेली. तिथं पोलिसांवर जीवघेणे हल्ले झालेले आहेत, त्यामुळे कित्येक कुटुंबं धास्तावली. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी साडेसात लाख पौंडांचा दंड केला. फाइल एक्सेलची होती, विकीचं पान नव्हतं. पण लपवलेला भाग सोबत जातो ही गोष्ट दोन्हीकडे तीच. एका अख्ख्या पोलीस दलाची ही गत झाली, तिथे आपल्या गटाचं काय?

बाकीच्या युक्त्यांवर फार वेळ घालवण्यासारखं नाही. मजकूर कॉमेंटच्या खुणांमध्ये (त्यांच्या आतलं पानावर दिसत नाही) ठेवला तरी संपादनात तो जसाच्या तसा दिसतो. पांढरी अक्षरं माउसनं निवडली की उमटतात. घडी होणारा तक्ता एका टिचकीत उघडतो. पान ‘सुरक्षित’ केलं की बदल करण्यावर बंधन येतं, वाचण्यावर नाही. आणि ‘काम झालं की पुसून टाका’ म्हणणाऱ्यानं विकीचं ‘इतिहास’ हे पान कधी उघडलेलं दिसत नाही; जुनी प्रत्येक आवृत्ती तिथं जपलेली असते.

विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो, तीच इतर अनेक विकींवरही असते. ती बनवणाऱ्यांनीच आपल्या माहितीपुस्तिकेत बजावलंय, की ही प्रणाली संवेदनशील माहिती राखण्यासाठी बनवलेली नाही, ती जास्तीत जास्त खुली असावी म्हणून बनवली आहे. डोकुविकी या दुसऱ्या प्रणालीत पानापुरते वाचण्याचे हक्क ठरवता येतात, पण तेही अख्ख्या पानाचे. त्यातल्या एका कॉलमचे नाहीत.

एक मात्र मान्य करावं लागेल. लांबलचक तक्ता मोबाइलवर वाचता यावा म्हणून खोडांची संख्या किंवा लागवडीची तारीख लपवली, तर काही बिघडत नाही. ती सोय आहे, तेवढ्यापुरती वापरा. आणि ‘आमच्या विकीला लॉगिन आहे’ हेही अर्धं खरं. बाहेरचा माणूस अडतो, पण एकाची बाकी जाते ती दुसऱ्या सभासदांपुढेच.

वहिनीला मी सांगितलं ते असं. विकीवर नाव, गट नंबर आणि खोड, एवढंच ठेव. आधार, खातं आणि बाकी वेगळ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल फक्त अध्यक्ष-सचिवांकडे. आधारची प्रत जवळ ठेवायचीच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क केलेली घे. ज्यांनी आधीच टाकलंय त्यांनी नुसते आकडे खोडू नयेत. विकीच्या प्रचालकाकडून (अ‍ॅडमिनकडून) ते पान इतिहासासकट वगळून घ्यावं आणि नव्या नावानं कोरं पान करावं. मग यादीतल्या प्रत्येकाला फोन करून सांगावं, की तुमचा क्रमांक इतके दिवस उघडा होता, आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक (अंगठ्याची ओळख) लॉक करून घ्या.