तू तर तिकडं होता बे!

२६/११च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा, त्याला अमेरिकेतून दिल्लीत आणलं त्या आठवड्यात नागपुरात बजाजनगरच्या आमच्या पानठेल्यासमोर दुसरा विषयच नव्हता. एप्रिलच्या उन्हामुळे कट्टा साडेआठशिवाय भरत नाही. अभ्या भाचीच्या लग्नासाठी न्यू जर्सीहून आलेला. शिवाय वकील, मास्तर आणि मी.

वकिलानं खर्रा तोंडात टाकला आणि खटला चालवायलाच घेतला. आरोप, पुरावे, निकाल, फाशी, सगळं चहा येईपर्यंत उरकलं. अभ्या मध्येच म्हणाला, "मला त्या रात्रीबद्दल अजूनही नीट बोलता येत नाही."

"तुले काय बोलायचं आहे बे? तू तर तिकडं होता! सोफ्यावर बसून पाहून राहिला असशील. आम्ही इथं तीन दिवस झोपलो नाही."

"वकील, तू तर कोर्टातही झोपतो," मास्तर म्हणाला.

"मस्करी नको मास्तर! करकरे साहेब आपल्या व्हीआरसीई इंजिनिअरिंग कॉलेजचे होते, १९७५चे. मेकॅनिकल. शाळा वर्ध्याची. आपला माणूस गेला! अमेरिकेतल्याले त्याचं काय?"

"अबे, व्हीआरसीईत चार वर्षं अभ्या शिकला," मी म्हटलं. "तू गेटच्या आत ऑर्केस्ट्रा ऐकायला गेला होता."

"मुद्दा तो नाही," वकील ओरडला.

अभ्या चिडला नाही. म्हणाला, "बुधवार होता. इथं रात्र, तिथं दुपार व्हायची होती. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग, म्हणून ऑफिस लवकर रिकामं होऊन राहिलं होतं. सीएसटीवरच्या गोळीबाराची बातमी वाचली न् मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. बाजूच्या बाईनं मायेनं विचारलं, घरचे मुंबईत आहेत का? म्हटलं नाही, नागपूरला. म्हणाली, मग देवाची कृपा. कोट घातला, सुट्टीच्या शुभेच्छा दिल्या न् गेली. तिचं काही चुकलं नाही रे. पण घरचं कोणी तिथं नाही तरी माझे हात काहून थरथरून राहिले, हे कोणाला सांगू?"

"मग?"

"मग कॉलिंग कार्ड. आधी तो लांबलचक नंबर, मग पिन, मग घरचा नंबर. बाबा जागेच होते. दोघांनाही बोलायला सुचेना. शेवटी त्यांनी रिसीव्हर टीव्हीजवळ धरला. कार्डाचे पैसे संपेपर्यंत मी मराठी बातम्या ऐकत बसलो. करकरे गेले ते मी तसं ऐकलं. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याकडे जेवायला बोलावलं होतं. टेबलाभोवती प्रत्येकानं सांगायचं, यंदा कशाबद्दल देवाचे आभार. इकडे ताजमध्ये अजून लोक अडकलेले. माझी पाळी आली. म्हटलं, घरी फोन लागला त्याबद्दल."

कोणी काही बोललं नाही. मग वकील म्हणाला, "टर्की खाल्ली का पण?"

मास्तरनं चहाचा ग्लास बाकावर आपटला. "मोवाड माहीत आहे ना तुला? ३० जुलै १९९१. वर्धा नदीनं माझं गाव धुवून नेलं, दोनशेच्या वर माणसं गेली. मी तेव्हा नागपुरात होस्टेलला. गावात पोचलो तर छपरावर चढून वाचलेले लोक विचारत, तू कुठं होता? आजही त्या पुराचं बोलणं निघालं की मी उठून बाहेर जातो. अन् मी तर याच जिल्ह्यात होतो. तू मुंबईपासून आठशे किलोमीटरवर होता, वकील. तुझा टीव्ही अन् अभ्याचा टीव्ही, यात कोणता फरक होता, सांग?"

"फरक असा, की मी आपल्या देशात होतो!"

"फरक आहेच," मी म्हटलं, "पण तो तुझ्या बाजूनं नाही. २९ तारखेच्या सकाळपर्यंत ते चाललं. १६६ माणसं मेली. तितका वेळ आपण इथंच, याच ठेल्यावर एकमेकांशी भांडलो, शिव्या दिल्या, ओंबळेंचं ऐकून रडलो. ज्याला त्याला बाजूला माणूस होता. अभ्याला टीव्हीजवळ धरलेला एक फोन होता. आपलं दुःख खरं न् त्याचं खोटं, हे तू कोणत्या तोंडानं बोलतो?"

मला खरोखर राग आला होता. दूर गेलेल्याला आपण लग्नात आहेर मागतो, घर बांधताना पैसे मागतो, आणि रडायची वेळ आली की त्याला परका ठरवतो.

वकिलानं पचकन थुंकून तोंड मोकळं केलं. "बरं, मान्य. रडला असशील. पण माझ्या कॅमेऱ्याचं काय?"

"कोणता कॅमेरा?"

"माझ्या स्कूटरवर एअरपोर्टले गेला होता ना अमेरिकेले जातानी? म्हणे, पहिल्या पगारात कॅमेरा पाठवतो!"

"तीन वर्षांत दावा लावायचा असतो," मास्तर म्हणाला. "मुदत गेली तुझी."

"अन् स्कूटर वर्धा रोडवर बंद पडली तेव्हा ढकलली कोणी?" अभ्या उठून उभाच राहिला. "मी! बॅग खांद्यावर घेऊन! हा वरती बसून हँडल धरून राहिला होता!"

पानठेलेवाले काकाही हसू लागले.

"पण पेट्रोल माझं होतं बे!" वकील ओरडत होता.