खुलासा: ‘सगळे एकत्र बसले की दुप्पट कल्पना निघतात’ हे खरं नाही

नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगणा कारखाना-पट्ट्यातल्या सुपरवायझर मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय: माणसं एकत्र बसवून मोठ्याने बोलू द्या, एकट्यापेक्षा दुप्पट कल्पना मिळतात. हा दावा मूळचा अमेरिकन जाहिरात व्यावसायिक अॅलेक्स ऑस्बॉर्न यांचा. 1958 मध्ये येल विद्यापीठात तो तपासला गेला, तेव्हा उलटंच निघालं. चौघांच्या गटापेक्षा वेगवेगळ्या बसलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्या, तर कल्पना जवळपास दुप्पट भरल्या.

कारण साधं आहे. एका वेळी एकच बोलतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं विसरतात किंवा गिळून टाकतात. त्यात साहेब आधी बोलले की विषयच संपला!

मग मीटिंगच नको? तसं नाही, क्रम बदला. प्रश्न फळ्यावर लिहा, 5 मिनिटं सगळे गप्प. एका चिठ्ठीवर एकच कल्पना. ‘सेफ्टी वाढवा’ ही चिठ्ठी बिनकामाची. ‘फोर्कलिफ्ट वळताना रॅक नंबर 3 चा कोपरा लागतो’ ही कामाची. मग पाळीपाळीने एकेक वाचायची, हेल्परपासून सुरुवात, मॅनेजर सर्वांत शेवटी. वाचताना चर्चा बंद, नाहीतर पहिल्या दोन चिठ्ठ्यांवरच अर्धा तास जातो. चर्चा नंतर, आणि शेवटी प्रत्येकाला 3 टिकल्या, मतासाठी.

(मे महिन्यात चिठ्ठ्या कूलरसमोर ठेवू नका.)